घरची प्रोटीन वडी: फुटते, दगड होते, पाझरते. दुखणं कुठे असतं?

"मावशी, वड्या पुन्हा फुटल्या वं."

गेल्या दीड वर्षात हे मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे की आता माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कधी फुटल्या? कापताना, दुसऱ्या दिवशी, की आठवड्याने? समोरची मात्र साहित्य सांगायला लागते. गूळ किती घेतला, दाणे कोणत्या दुकानातले, तूप घरचं की विकतचं. साहित्याचं नंतर बघू. वडी बिघडली कधी हे कळलं की ती कशाने बिघडली हे बहुतेक वेळा कळतं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं धावताना दिसतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. माझी भाची त्यातलीच. एक दिवस तिने तालुक्याहून सत्तर रुपयांचा प्रोटीन बार आणला. रोज एक म्हटला तर महिन्याचे दोन हजार शंभर रुपये होतात. सोयाबीन घरात पोत्यांनी पडलेलं, हरभरा शेतातला, आणि पोरीने ताकदीसाठी चकचकीत कागदातला तुकडा विकत आणायचा, हे मला पटेना. म्हणून घरी करायला घेतलं.

पहिल्या घाण्याचा भुगा झाला. दुसऱ्यात मी गूळ वाढवला, तर वडी कापताना सुरेख निघाली आणि तिसऱ्या दिवशी दाताने तुटेना. तिसरा घाणा जुलैत केला, तो डब्यातच पाझरला. प्रत्येक वेळी मी प्रमाण बदलत होते. दोष प्रमाणात फारसा नव्हताच. पाकात राहिलेलं पाणी, कोरड्या पिठाने नंतर ओढून घेतलेलं पाणी आणि गुळाने हवेतून घेतलेलं पाणी, तिन्ही घाणे या पाण्यानेच बिघडवले होते. हे उमगल्यापासून घाणा फुकट गेलेला नाही.

आधी माप, म्हणजे पुढचं बोलणं जुळेल

फल्लीचे दाणे, म्हणजे शेंगदाणे, ३०० ग्रॅम, साल काढलेले फुटाणे २०० ग्रॅम, भाजलेल्या सोयाबीनचं पीठ १०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, जवस ५० ग्रॅम आणि गूळ ३०० ग्रॅम. म्हणजे कोरडा माल ७०० आणि गूळ ३००. घरी वजनकाटा नसेल तर किराणा दुकानातूनच असं मोजून आणा. वाटीच्या मापावर भरवसा ठेवू नका. दाण्यांची वाटी आणि पिठाची वाटी वजनाला सारखी भरत नाही, आणि पुष्कळ घाणे तिथेच चुकतात. यात ४० ग्रॅमच्या २५ वड्या होतात.

दाण्यांत शंभराला सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं, फुटाण्यांत २० ते २२, सोयाबीनमध्ये ३६ ते ४०, तीळ आणि जवसात १८ ते २०. गुळात जवळजवळ काहीच नाही. सगळी बेरीज १७० च्या थोडी वर जाते, म्हणजे वडीमागे सुमारे ७ ग्रॅम. एका अंड्याच्या थोडं वर. दुकानातल्या बारवर २० ग्रॅम लिहिलेलं असतं, तेवढं घरच्या वडीत कधीच येणार नाही, कारण नुसते दाणे खाल्ले तरी ४० ग्रॅममध्ये १० ग्रॅमच मिळतात. दुकानातल्या बारमध्ये दुधातून किंवा सोयातून वेगळं काढलेलं प्रथिन असतं. हे मी भाचीला पहिल्याच दिवशी सांगितलं, तुम्हीही आपापल्या पोरांना सांगा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने साध्या निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या पोरीला ४२ च्या आसपास. धावणाऱ्याला त्याहून जास्त. दोन वड्यांनी १४ भागतात, बाकीचं वरण, दूध, अंडी, उसळ यांतूनच यायला हवं.

खर्च मी शेवटचा मोजला तेव्हा पूर्ण घाण्याला गॅस सोडून ११० रुपयांच्या आत आला, वडीला साडेचार रुपये. त्यात सोयाबीनचे पाचसुद्धा नाहीत. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात कित्येकांना तेवढाही मिळाला नाही. जे पीक आपण इतक्या कमी भावात देऊन टाकतो, त्यातलं चार किलो घरच्या पोरांच्या तोंडी गेलं तर मला फार बरं वाटतं.

"कापतानाच भुगा होते"

ही तक्रार सगळ्यात जास्त, आणि उपाय म्हणून सगळ्या जणी गूळ वाढवतात. वाढवू नका. कापताना भुगा होण्याची कारणं तीन, आणि पहिलं कारण कच्चा पाक.

गूळ किसून कढईत घ्या, फक्त दोन चमचे पाणी घाला. विरघळला की गाळून घ्या, कारण भेलीत माती आणि उसाच्या काड्या असतातच. मग मध्यम आचेवर उकळू द्या आणि शेजारी वाटीत गार पाणी ठेवा. थेंब टाकला आणि तो पाण्यात पसरला, तर पाक कच्चा. बोटांनी गोळा होतो पण बाहेर काढल्यावर चपटा पडतो, तर तो लाडवाचा पाक. गोळी होते, बाहेर काढल्यावर आकार धरून राहते आणि दाबल्यावर बोटाचा खड्डा पडतो, तो आपला पाक. थेंब ताटलीवर टाकल्यावर टण् वाजला आणि कट्कन मोडला, तर तो चिक्कीचा झाला. थर्मामीटर असेल त्यांच्यासाठी सांगते: आपली वडी ११८ ते १२२ अंशांच्या दरम्यान, चिक्की १५० च्या आसपास.

या मधल्या पायऱ्या गॅसवर दोन-तीन मिनिटांत सरतात, म्हणून थेंबाची परीक्षा दर अर्ध्या मिनिटाला करा. चुलीवर करणाऱ्यांनी गोळी धरायला लागली की लाकूड मागे ओढायचं. चुलीची आच सांगितल्याबरोबर कमी होत नाही, आणि तेवढ्यात पाक पुढे निघून जातो.

दुसरं कारण जाड-बारीकचं. सगळं भरड ठेवलं तर तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात, पाकाला धरायला जागा मिळत नाही. सगळं बारीक केलं तर पीठ पाक पिऊन टाकतं. मी दाणे भाजून, सालं पाखडून, अर्धे नुसते दोन फाकळ्या करते आणि अर्धे खलबत्त्यात कुटते. फुटाणेही तसेच, निम्मे अख्खे, निम्मे दळलेले. साधारण दोन भाग जाड आणि एक भाग पीठ.

तिसरं कारण दाबणं. पाक ओतल्यावर मिश्रण गरम आहे तोवरच, मिनिटभरात, तूप लावलेल्या ताटात थापायचं आणि सपाट बुडाच्या वाटीने अंगाचा जोर लावून दाबायचं. हाताला चटके बसतात म्हणून पाण्याचा हात लावण्याची सवय आहे आपल्याला, थालीपीठ थापताना लावतो तशी. इथे तो पाण्याचा हात घात करतो. वरचा थर ओला होतो, पाकाशी जुळत नाही आणि सुटून येतो. हाताला तूप लावा. आठ-दहा मिनिटांनी, वडी अजून कोमट असतानाच, सुरीने खुणा पाडा. पूर्ण गार झाल्यावर सुरी चालवली तर चांगली जमलेली वडीही तुटेल.

भुगा झालेला घाणा टाकायचा नाही. कढईत मंद आचेवर परतायचा, दोन चमचे गुळाचा पक्का पाक वरून द्यायचा आणि पुन्हा थापायचा. एकदाच मात्र. दुसऱ्यांदा केलं की तीळ करपतात आणि कडवट लागतं.

"पहिल्या दिवशी मऊ, तिसऱ्या दिवशी दगड"

याने मला सगळ्यात जास्त छळलं, कारण वडी ताटात असताना काहीच चुकलेलं दिसत नाही. सोयाबीनचं पीठ आणि दुधाची पावडर अतिशय कोरडी असतात. थापल्यानंतरही ती गप्प बसत नाहीत, पाकातलं उरलंसुरलं पाणी दोन-तीन दिवस ओढत राहतात. पाक आटत जातो, पीठ आवळत जातं. प्रथिनं वाढवावी म्हणून कोणी पावडर दुप्पट करते, आणि तिचीच वडी सगळ्यात आधी दगड होते. दुकानातले बार बनवणाऱ्यांनाही हाच त्रास असतो.

म्हणून सोयापीठ आणि दुधाची पावडर मिळून कोरड्या मालाच्या पाचव्या भागाच्या आतच ठेवा, दळलेले फुटाणे यात धरू नका. वरच्या मापातलं १०० ग्रॅम सोयापीठ ७०० मध्ये बसतं. त्यावर अजून ४० ग्रॅम दुधाची पावडर चालते, पुढे नाही. दुसरं म्हणजे हे पीठ आधी दोन चमचे तुपात मंद आचेवर खमंग परतून घ्या. तुपाचा लेप बसला की पीठ पाणी कमी ओढतं. मूठभर दाणे तेल सुटेपर्यंत वाटून तो गोळा मिश्रणात घातला तर वडी आठवडाभर चावायला नरम राहते. पाकात अर्धा चमचा लिंबाचा रस घातला तरी फरक पडतो, कारण आंबटामुळे साखरेचे कण फुटतात आणि पाक पुन्हा घट्ट खडा धरत नाही. पण लिंबाची युक्ती फक्त हिवाळ्यात. पावसाळ्यात तीच उलटते, ते पुढे येतंच.

दगड झालेल्या वड्या फोडून गरम दुधात टाका, सकाळचा नाश्ता होतो. भाचीला ते वडीपेक्षाही आवडतं.

सोयाबीनचा कच्चट वास आणि पोटात वायू

इथे थोडं थांबून सांगते, कारण हा केवळ चवीचा प्रश्न नाही.

पेरणीतून उरलेलं बियाणं कधीही, कितीही धुऊन, खाण्यात वापरू नका. त्याला बुरशीनाशक, कीटकनाशक चोळलेलं असतं. पिशवीतलं रंगीत बी तर ओळखू येतं, पण घरी बीजप्रक्रिया केलेलं साध्या दाण्यासारखंच दिसतं. वडीसाठी सोयाबीन मळणीनंतरच वेगळं काढून, डब्यावर नाव टाकून ठेवा. पावसात भिजलेलं, काळपट, बुरशीचा वास येणारंही नको. बुरशी लागलेल्या दाण्यात, मग तो सोयाबीनचा असो की फल्लीचा, विष तयार होऊ शकतं आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही.

कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो. तो उष्णतेने मोडतो. नुसतं वरवर भाजलं तर बाहेरून तांबूस आणि आत कच्चं राहतं. त्यामुळे पोटात वायू धरतो, आणि खाल्लेली प्रथिनंही नीट लागू पडत नाहीत. आधी पाण्याला उकळी आणा आणि मग त्यात कोरडं सोयाबीन सोडा. गार पाण्यात भिजवून मग उकळलं तर तो कच्चट वास धरतो. २० ते २५ मिनिटं उकळा, निथळा, चोळून सालं काढा, आणि कडक उन्हात दोन दिवस वाळवा. दाताखाली कट् वाजला पाहिजे. मग मंद आचेवर भाजून दळा. वाळवण अर्धवट राहिलं की पिठात ओल राहते, आणि तीच पुढे वडीत उतरते.

"डब्यात चिकट झाल्या, पाणी सुटलं"

पावसाळ्याची तक्रार. गूळ हवेतली ओल खेचतो. काळा, मऊ, बोटाने दबणारा गूळ जास्त खेचतो. वडीला चिक्कीचा गूळ म्हणून मागा, तो टणक असतो आणि फोडल्यावर कणीदार दिसतो. फार पिवळाधमक घेऊ नका, तो रंग पुष्कळदा रसायनाने आणलेला असतो.

जून ते सप्टेंबर पाक एक पायरी पुढे न्यायचा, म्हणजे गोळी दाबल्यावर जेमतेम खड्डा पडावा. लिंबू नाही, त्याने पाक ओल आणखी खेचतो. फुटाणे आणलेले मऊ असतील तर पुन्हा कढईत गरम करून कुरकुरीत करायचे, गार झाल्यावरच मिसळायचे. आणि वड्या पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावायचा नाही. कोमट वड्या झाकल्या की झाकणाला आतून घाम धरतो, तो थेंब थेंब खाली पडतो. मी आधी समजत होते की डबाच गळका आहे.

दहा दिवसांत संपतील एवढ्याच करा. एकेक वडी बटर पेपरमध्ये गुंडाळा, स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवा. पोरं दिवसातून पाच वेळा डबा उघडतात, त्यांच्यासाठी चार वड्यांची वेगळी डबी काढून ठेवा. चिकट झालेल्या वड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतून, मूठभर फुटाण्याचं पीठ मिसळून पुन्हा थापता येतात. पण पांढरा किंवा हिरवा ठिपका दिसला तर सगळा घाणा टाका. बैलासमोरही नको.

काही जणी खवा, ओलं खोबरं किंवा पिकलं केळं घालतात. चव छान येते, पण त्यात पाणी आहे. ती दोन दिवसांची वडी, डब्यात साठवायची नव्हे.

मे महिना

आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या घरात त्याहून जास्त जाणवतं. चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळतं, तूप त्याच्याही जवळपास. म्हणून उन्हाळ्यात चॉकलेटचा थर, नुसत्या तुपावर बांधलेली वडी, नुसत्या खजुराची वडी, तिन्ही टाळा. खजूर हिवाळ्यात बांधायला उत्तम, पण महाग आणि उन्हात पसरणारा. उन्हाळ्यात फक्त गुळाचा पाक आणि थोडं जास्त फुटाण्याचं पीठ. माठाखालच्या गार कोपऱ्यात डबा ठेवू नका, तिथे ओल असते. मातीच्या भिंतीच्या घरात सगळ्यात आतली खोली चांगली.

"पंधरा दिवसांनी खवट लागते"

एवढी एकच तक्रार अशी की ज्यात पाण्यापेक्षा तेल आणि हवेचा दोष जास्त. संशय जवसावर घ्या. जवसाचं तेल हवा लागली की फार लवकर बिघडतं आणि दळलं की हवेला मोकळी वाट मिळते. आपल्याकडे चटणीसाठी जवस महिनाभराचा कुटून ठेवतात, तोच उचलून वडीत घातला की खवटपणा पहिल्या दिवसापासूनच आत असतो. अख्खा घातला तर टिकतो, पण पुष्कळसा न पचताच बाहेर जातो. म्हणून मी त्याच दिवशी भाजते, त्याच दिवशी भरड करते. मे महिन्यात जवस काढून त्या जागी तीळ घालते. दाणे घेताना एक बोटांत चोळून वास घ्या आणि एक चावून बघा. जिभेवर कडवट तेलकटपणा राहिला तर त्या दुकानातून घेऊ नका. काचेची बरणी खिडकीत ठेवू नका, उजेडानेही तेल बिघडतं.

दोन गोष्टी खाणाऱ्यांसाठी

वडीत दहा-बारा ग्रॅम साखर आहे, ती गुळाची असली तरी साखरच. घरात मधुमेही माणूस असेल तर "घरची आहे, चालते" म्हणून त्याच्या हातात देऊ नका. त्याला भाजलेले दाणे आणि फुटाणे तसेच द्या. आणि एका वडीत १९० च्या आसपास कॅलरी आहेत. धावणाऱ्याला दोन ठीक, दिवसभर बसून अभ्यास करणाऱ्याला एक पुरे. धावायच्या आधी पोटात टाकू नये, जड पडते. धावून आल्यावर, पाणी पिऊन, अर्ध्या तासाने.

लाखोळीच्या, म्हणजे लाखेच्या डाळीच्या, पिठाबद्दल भंडाऱ्याकडच्या एका वहिनीने विचारलं होतं, स्वस्त मिळतं म्हणून. रोज खायच्या वडीत नको. लाखोळी सतत आणि जास्त खाल्ल्याने पायांतली ताकद जाऊ शकते, हे तिकडच्या जुन्या माणसांनाही ठाऊक आहे. धावणाऱ्या पोरांच्या वडीत तर नकोच. हरभऱ्याचं पीठ सुटं घेण्यापेक्षा फुटाणे आणून घरी दळले की लाखोळीच्या भेसळीची शंकाही राहत नाही.

तुमचा घाणा यानंतरही बिघडला तर मला विचारताना एवढं सांगा: वडी कोणत्या दिवशी बिघडली, पाकाची गोळी कशी झाली होती, पीठ किती ग्रॅम होतं आणि त्या दिवशी बाहेर पाऊस होता की ऊन.